तबकडीवरची गझल, फळ्यावरची उर्दू

गझलेचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण वली औरंगाबादीपासून सुरुवात करतो आणि मीर, गालिब, मोमीन, दाग असे मुक्काम घेत फैजपर्यंत येतो. हा इतिहास दीवानांचा, छापील पानांचा. तो खराच आहे. परंतु ज्या घरांत दीवान कधी शिरलाच नाही तिथे गझल कशी पोचली, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आमच्या कोकणातल्या घरांचेच पाहा. घरची बोली कोकणी-मराठी, शाळा कुणाची उर्दू तर कुणाची मराठी, तिलावत अरबीतून. गालिबचे पुस्तक गावात एखाद्या मास्तरांकडे असले तर असले. तरीही शेर मात्र घरोघरी. हे शेर आले तबकडीवरून आणि पुढे कॅसेटवरून.

म्हणून गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही एक उद्योग आरंभला. गझलेचे नावाजलेले अल्बम ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत ऐकायचे. आवडती गझल आधी लावायची नाही आणि कंटाळवाणी पुढे ढकलायची नाही. शेजारी शायराचा संग्रह उघडा ठेवायचा आणि गायकाने कोणते शेर घेतले, कोणते सोडले यावर पेन्सिलीने खूण करायची. शिक्षकी पेशाची खोड, दुसरे काय! सुटी संपली तरी ऐकणे संपले नाही, मग रविवार त्यात गेले.

सुरुवात अर्थातच अल्बमच्या आधीपासून करावी लागते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गोहरजानचा आवाज मुद्रित केला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. एकेक शेर घोळवत तासन्‌तास चालणारी मैफल त्या तीन मिनिटांत बसवायची होती. मतला, मधले दोन-तीन शेर, संपले. ध्वनिमुद्रणाच्या शेवटी गोहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते. या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कुणाचे नाव चिकटवायचे हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. पण गझल जाणणाऱ्याला यात एक मौज दिसेल. गझलेच्या अखेरच्या शेरात, मक्त्यात, शायर आपला तखल्लुस गुंफतो. ती त्याची सही असते. इथे त्या जागी गाणारीने सही केली. पुढे शंभर वर्षे जे घडले त्याची चाहूल आम्हाला या एका वाक्यात लागते.

७८ गतीच्या तबकड्यांचा काळ आम्ही भराभर ऐकला. सैगलचा गालिब ऐकला, लखनौहून आलेल्या तलत महमूदचा मखमली आवाज ऐकला. थांबलो ते अख्तरीबाई फैजाबादी यांच्यापाशी. बहजाद लखनवींची एक गझल गाऊन त्या देशभर पोचल्या, तेव्हा ऐन विशीत होत्या. १९४५ मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी निकाह झाला आणि गाणे बंद झाले. १९४९ मध्ये लखनौ रेडिओवर त्या पुन्हा गायल्या आणि तिथून बेगम अख्तर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात. आधीच्या आवाजात चापल्य आहे, समोरच्याला जिंकायची घाई आहे. नंतरच्या आवाजाला घाई नाही. वरच्या सुरावर जाताना तो किंचित फाटतो. जाणकार तिथेच ‘वाह’ म्हणतात. आमच्या अम्मीला मात्र ते ऐकून कुणाची तरी काळजी वाटू लागते. ही दादसुद्धा लहान नव्हे.

लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळाला. आता गझल मोकळा श्वास घेऊ शकत होती. तिच्या या नव्या ऐसपैस घरात पहिला मोठा पाहुणा आला तो गालिब. १९६९ मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली. सरकारने टपाल तिकीट काढले, दिल्लीत निजामुद्दीन वस्तीत राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या हस्ते गालिब अकादमीचे उद्घाटन झाले. बेगम अख्तर आणि मोहम्मद रफी यांच्याकडून खय्याम यांनी गालिब गाऊन घेतला. आणि लता मंगेशकरांनी गालिबच्या गझलांची तबकडी दिली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे.

या शेवटच्या तबकडीवर आम्ही चार रविवार काढले. मराठी घरातल्या बहीण-भावाने दिल्लीच्या बल्लीमारानमधला शायर असा मांडावा, ही साधी गोष्ट नाही. हृदयनाथांच्या चाली सोप्या नाहीत. एका ऐकण्यात त्या तोंडी बसत नाहीत, आणि आमच्या मते तेच बरे आहे, कारण गालिबही एका वाचनात कळत नाही. लताबाईंचा ‘काफ’ आणि ‘गैन’ ऐका. घशातून निघणारी ही अक्षरे मराठी जिभेला परकी. आमच्या वर्गात पाचवीच्या मुलांकडून ती घोटून घेताना दिवाळीची सुटी येते. लताबाईंनी मुलाखतींत सांगितले आहे की, १९४७ च्या सुमारास लोकल गाडीत अनिल विश्वास यांनी त्यांची दिलीपकुमारांशी गाठ घालून दिली. मुलगी मराठी आहे असे कळताच मराठी लोकांच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो, अशा अर्थाचे काहीतरी युसूफभाई बोलून गेले. लताबाईंना ते लागले. त्यांनी रागाने पाठ फिरवली नाही, एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली. वीस-बावीस वर्षांनी गालिबच्या तबकडीवर जे ऐकू येते त्याची मुळे त्या शिकवणीत आहेत. आमच्या शाळेतल्या मुलांना आम्ही ही हकीकत दरवर्षी सांगतो. डाळ-भात आपणही खातो, तेव्हा मुले हसतात.

पण १९६९ ची आणखी एक बाजू आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. त्याच वर्षी साहिर लुधियानवी यांनी ‘जश्न-ए-गालिब’ ही नज्म लिहिली. ज्या शहरांत गालिबचा आवाज घुमला त्याच शहरांत उर्दू बेघर झाली, भाषेला गाडून तिच्या शायराचा उत्सव कसला करता, असा तिचा रोख. साहिर मुंबईचे रहिवासी, सिनेमाचे गीतकार. स्वतः तबकड्यांवर जगलेला माणूस. त्याने उत्सवाच्या मांडवात उभे राहून हे विचारावे, याला छाती लागते. आम्ही तबकडीही ऐकली आणि नज्मही वाचली. आम्हाला दोन्ही खऱ्या वाटतात. तबकडीमुळे गालिब वाचला नसता तर उरलाही नसता, असे म्हणणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही. तबकडीमुळे गालिबचा आवाज उरला, अक्षर उरले की नाही हा प्रश्न वेगळा.

तबकडीवर छापलेले शब्द पाहिले की हे ध्यानात येते. कव्हरवरचा मोठा मजकूर रोमन लिपीतला. उर्दू अक्षर शोभेपुरते, आणि तेही असले तर. पुढे १९७६ मध्ये जगजितसिंग आणि चित्रासिंग यांचा ‘द अनफर्गेटेबल्स’ आला. अल्बमचे नावच इंग्रजी. सारंगीच्या जागी गिटार आणि व्हायोलिन आले, शेर सोपे निवडले गेले, पती-पत्नी दोघे मिळून गाऊ लागले. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. आम्ही ऐकण्याआधीच त्यांच्या पक्षात होतो, कारण गझल हा एकट्याने काढलेला उद्गार असतो, तो दोघांत वाटून घेता येत नाही असे आमचे मत होते. आजही थोडेफार आहे. तरीही हा अल्बम सलग ऐकताना जाणवते की इथे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. जगजितसिंग शेराला तानेखाली दडपत नाहीत. मिसरा उचलतात, ठेवतात, ऐकणाऱ्याला समजायला वेळ देतात. चांगला शिक्षक हेच करतो. उर्दू न येणाऱ्या लाखो माणसांना त्यांनी गझलेच्या दारापर्यंत आणले. आत नेण्याचे काम त्यांचे नव्हतेच.

नंतर कॅसेट आली. आमच्या मामूंनी आखातातून आणलेला टेप आणि बुटाच्या खोक्यातल्या कॅसेटी हे आमचे बालपण. १९८० नंतरची दहा वर्षे गझल स्वस्त झाली, दोन्ही अर्थांनी. शराब, साकी आणि मैखाना यांचे इतके पीक आले की ऐकता ऐकता आम्हालाच डोके धरायची वेळ आली. ती खोकी लवकर आटोपली. त्या गर्दीत १९८३ चा ‘मेराज-ए-गझल’ मात्र वेगळा उभा आहे. गुलाम अलींच्या अवघड चाली आशाबाईंनी अशा पेलल्या आहेत की सरहद्द नावाची काही वस्तू असते हे विसरायला होते.

गुलाम अलींचेच आणखी एक उदाहरण द्यायला हवे. १९८२ च्या ‘निकाह’ चित्रपटात त्यांनी गायलेली ती गझल कुणाला ठाऊक नाही? गुपचूप रडणे आणि भर उन्हात गच्चीवर अनवाणी येणे असलेली. रिक्षात वाजते, लग्नात वाजते. ती गझल हसरत मोहानींची. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ या मासिकाचे संपादक, त्यातल्या एका लेखापायी १९०८ मध्ये तुरुंगात जाऊन चक्की पिसणारे. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा देणारे. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडणारे. पुढे संविधान सभेचे सदस्य. घोषणा साऱ्या देशाला पाठ, गझल साऱ्या देशाला पाठ, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आहेत हे सांगितले की शिक्षकांच्या खोलीतही माना वर होतात. गोहरजानच्या तबकडीवर सुरू झालेला सहीचा प्रवास हा असा इथवर आला.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ मालिका आली. नसीरुद्दीन शाह यांचा गालिब, जगजितसिंग आणि चित्रासिंग यांची गाणी. आमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्म व्हायचा होता, पण कॅसेट घरात होती. आमच्या क्रमात हा अल्बम शेवटून दुसरा आला आणि सर्वांत जास्त वेळा ऐकला गेला. बारा वर्षांपूर्वी सोपे शेर निवडणारा गायक इथे अवघड शब्दाला बगल देत नाही. फारसी जोडशब्द आले की वाद्ये मागे सरतात. मालिकेत गालिब कर्जात बुडतो, मुले गमावतो, १८५७ नंतरची उजाड दिल्ली पाहतो. ते पाहिलेल्या कानांना तोच शेर निराळा लागतो. शेर सोडल्याबद्दल आम्ही गायकांवर पेन्सिल चालवत होतो, पण इथे आमचा हात थबकला. गालिबने स्वतःच १८४१ मध्ये दीवान छापताना आपले किती तरी शेर गाळले होते. भोपाळच्या हस्तलिखितावरून १९२१ मध्ये ‘नुस्खा-ए-हमीदिया’ छापला गेला, तेव्हा कुठे गाळलेले ते शेर लोकांपुढे आले. मग गायकाला काय बोलायचे? फरक एवढाच की गालिबने काय गाळले ते आज छापलेले आहे. तबकडीने गाळलेले शोधायचे तर लिपी यावी लागते.

आणि लिपीवाचून काय होते ते आमच्या घरातच आहे. अब्बा मराठी माध्यमातून शिकले, उर्दू वाचता येत नाही. पण तरुणपणी त्यांनी कॅसेट थांबवून थांबवून शेर एका वहीत देवनागरीत उतरवले आहेत. सुरेख अक्षर. अवघड शब्दांचे अर्थ समासात. एका ठिकाणी ‘अलम’ शब्द आहे आणि समासात अर्थ दिला आहे ‘झेंडा’. मोहरमचा अलम गावात सर्वांना माहीत, तेव्हा त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. ऐनने लिहिलेला अलम म्हणजे झेंडा आणि अलिफने लिहिलेला अलम म्हणजे दुःख. कानाला दोन्ही एकच. त्या शेरात दुःख होते. अब्बांनी तीस वर्षे त्या शेरात झेंडा पाहिला आणि तो त्यांना आवडत राहिला.

मराठी गझलेचे याहून बरे झाले असे आम्हाला वाटते. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’ अशी दोन्ही कामे त्यांनी केली. सुरेश भटांच्या गझला रेडिओने घरोघरी नेल्या, पण त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ही लिहिली आणि नवोदितांच्या हाती दिली. तिथे कान आणि कागद बरोबर चालले. उर्दूच्या वाट्याला कान आला. पहिलीच्या पटावरची नावे दरवर्षी मोजताना आम्हाला ते टोचते. गझल ऐकणारे पालक भेटतात, मुलाला अलिफ-बे शिकवायला पाठवा म्हटले की विचार करून सांगतो म्हणतात.

तूर्त आम्ही शनिवारचा शेवटचा तास यासाठी घेतला आहे. मोबाइलवर गझल लावायची, मुलांनी ऐकून उर्दूत लिहायची. मग कपाटातला संग्रह काढून ताडून पाहायचे. ‘अलम’ दोन्ही तऱ्हांनी फळ्यावर लिहून झाला आहे. हसरत मोहानींच्या गझलेतले न गायलेले शेर नववीच्या मुलींनी शोधून काढले. त्यातला एक गायलेल्या साऱ्या शेरांहून सरस आहे असे त्यांचे म्हणणे, आणि गुलाम अलींनी तो का सोडला यावरून वर्गात दोन तट पडले आहेत. पुढच्या शनिवारी बेगम अख्तर.