ट्रॉलीचे भरलेले वजन

ट्रॅक्टरमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीचे रिकामे वजन आणि तिच्यात प्रत्यक्ष भरलेल्या मालाचे वजन यांची बेरीज. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली ‘ट्रेलर’ ठरते. तिचे रिकामे वजन म्हणजे नेहमी वापरातल्या सर्व साहित्यासह, पण चालक व मदतनीस वगळून भरणारे वजन. मोर्शी-वरुड पट्ट्यात एकच ट्रॉली हंगामाप्रमाणे कापूस, सोयाबीन, संत्री, शेणखत, वाळू नि पाणी वाहते, त्यामुळे तिच्या वजनाचा एक ठरावीक आकडा सांगता येत नाही.

नोंदणीपुस्तकातला आकडा ट्रॉली नवी असतानाचा असतो. पुढे गावातल्या वर्कशॉपमध्ये फळ्या उंचावतात, तळाला जाड पत्रा बसतो, जादा टायर टांगला जातो, चाकांना काळी माती चिकटते. रिकामे वजन बांधणीप्रमाणे साधारण एक ते दोन टन असते; त्यात या भरीने वाढ होते. ‘पाच टनी ट्रॉली’ या बोलीत पाच टन माल की ट्रॉलीसह पाच टन, हेही कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

अंदाजाची जुनी रीत म्हणजे घनफळ. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच हौद १२० घनफुटांचा, म्हणजे सव्वा ब्रासला थोडा कमी (१ ब्रास = १०० घनफूट), किंवा सुमारे ३.४ घनमीटर. वर्धा नदीची कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरली, तर फळ्यांपर्यंत भरलेल्या या हौदात साडेपाच टनांच्या आसपास माल बसतो. ओल्या वाळूचा त्याहून अधिक. तेवढ्याच जागेत सुटे सोयाबीन अडीच टनांच्या घरात भरते. सैल कापूस घनमीटरला शंभर किलोही भरत नाही. पायाने तुडवला की आकडा बदलतो, म्हणून कापसाची ट्रॉली डोळ्यांनी तोलण्यात अर्थ नाही. डोंगराएवढी दिसणारी ही ट्रॉली काठोकाठ भरलेल्या वाळूच्या ट्रॉलीपेक्षा पुष्कळ हलकी असते. धोका तिथे उंचीचा असतो. पाण्याचा हिशेब मात्र सरळ: उन्हाळ्यात संत्राबागा जगवणारा ५,००० लिटरचा टँकर भरला की पाणीच पाच टन.

संत्र्याचा सौदा पूर्वापार हजारावर होत आला, अलीकडे टनावरही होतो. १२० ग्रॅमचे फळ असेल तर हजार संत्री १२० किलो, १६० ग्रॅमचे असेल तर १६० किलो. वीस हजार फळांच्या ट्रॉलीत त्यामुळे २.४ आणि ३.२ टन एवढा फरक पडतो. मोजणी तीच, ओझे आठ क्विंटलने वेगळे. कॅरेट भरले असतील तर रिकाम्या कॅरेटचे वजनही धरावे लागते.

खात्रीचा मार्ग वजनकाट्याचा. व्यापाऱ्याला फक्त मालाचे वजन हवे असते, म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या वजनाची वजाबाकी होते नि चिठ्ठी मिळते. ओढण्याच्या दृष्टीने एवढे पुरत नाही. आधी एकट्या ट्रॅक्टरचे वजन घ्यावे, मग दोन्ही मिळून, मग ट्रॅक्टर काट्यावरून खाली उतरवून फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर ठेवून, हूक न सोडता. समजा एकटा ट्रॅक्टर २,००० किलो, दोन्ही मिळून ७,४०० आणि ट्रॉलीची चाके ४,९०० भरली. तर भरलेली ट्रॉली ५,४०० किलोची. त्यांतले ५०० किलो हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावर. दोनचाकी ट्रॉलीत हा भार महत्त्वाचा. माल मागे कलला तर जुन्या बंडीसारखी ट्रॉली उलाळ होते आणि ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडतात. फार पुढे आला तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. सुकाणू हातात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा संकेत आहे. अमेरिकेत मोटारीमागे प्रवासाची घरगाडी ओढणारे हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवतात. चारचाकी ट्रॉलीत हा प्रश्न जवळपास उरत नाही.

सालबर्डीकडे सातपुडा लागतो, तिथे उतार हिशेबात धरावा. ५ टक्के उतारावर ५,४०० किलोची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे २७० किलोच्या जोराने पुढे ढकलते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर ते सारे ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येते.

वजनाबाबत शंका आली तर कलम ११४ खाली अधिकारी गाडी पुढच्या मार्गावर १० किलोमीटरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला लावू शकतो. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत, आणि उतरवण्याचा खर्चही दंड भरणाऱ्याचाच.