दोन शेडमधले अंतर

माझ्या लहानपणी आमच्या परसात अम्मीच्या पाच-सहा कोंबड्या असत. मोहल्ल्यात कुणाच्या कोंबड्या माना टाकू लागल्या की ‘मानमोडी आली’ अशी कुजबुज व्हायची. मग त्या घरी चार दिवस कोणी दाणे मागायला वा अंडी घ्यायला जात नसे. अंतर ठेवणे एवढेच औषध ठाऊक होते.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनाही आधी मानमोडीच, म्हणजे राणीखेतच, वाटली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला कळले की हा बर्ड फ्लू आहे. देशातला तो पहिला उद्रेक. तीन किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. मोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्यांबरोबर गरिबाघरच्या परसातल्या चारही गेल्या.

दोष पाहुण्या पाखरांना देणे सोपे असते. रानबदकांच्या अंगी हे विषाणू असतात, हे खरेच. पण पाखराने आणलेला रोग एका शेडमधून दुसरीत नेतो तो आपणच. अंड्यांचे ट्रे, खाद्याचा ट्रक, मजुराच्या चपला, मेलेल्या कोंबड्या उचलणारी गाडी. शेड जितक्या जवळ, तितक्या या फेऱ्या जास्त. शिवाय हजारो कोंबड्या खेटून असल्या की एकीतून दुसरीत जाताना सौम्य विषाणूही जहाल होऊ शकतो.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २००३ मध्ये नेदरलँड्ससारख्या शिस्तीच्या देशातही दाट पोल्ट्रीच्या पट्ट्यात अशीच साथ पसरली. सुमारे ३ कोटी पक्षी मारावे लागले. एका पशुवैद्याचा जीव गेला. त्या पट्ट्यात लागण व्हायला पक्षीच फारसे उरले नाहीत, तेव्हा कुठे साथ थांबली.

आणि पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, पुन्हा नवापूरच. पुन्हा लाखो कोंबड्या खड्ड्यात.

शेजाऱ्याला लागून शेड टाकणारा माणूस वेडा नसतो. सुरतेकडे जाणारा रस्ता, वीज, खाद्य, व्यापारी हे सारे जिथे मिळते, तिथेच तो जाणार. कर्ज काढून उभी केलेली शेड एका दिवसात रिकामी होते, तेव्हा त्याच्या दारात उभे राहवत नाही. म्हणून नव्या शेडला परवानगी देताना शेजारच्या शेडचे अंतरही मोजले पाहिजे. अम्मीच्या काळी हे अंतर फुकट मिळे. आज त्याला जमीन लागते, जमिनीला पैसा लागतो. तो भार एकट्या पोल्ट्रीवाल्यावर टाकून चालणार नाही. स्वस्त अंडे आपण सगळेच खातो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)