लावलेली झाडं, जगलेली झाडं

तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीनं पुण्याजवळच्या एका टेकडीवर झाडं लावायचं ठरवलं. जुलैचा शनिवार, सगळ्यांना सारखे हिरवे टी-शर्ट, खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले, रोपं टेम्पोतून आलेली. माझ्याकडे काम होतं एका छोट्या अ‍ॅपचं. रोप लावलं की फोटो काढायचा, ठिकाण आपोआप नोंदलं जाणार आणि पडद्यावरचा आकडा एकानं वाढणार. दुपारी बारापर्यंत आकडा ६१२ वर गेला. टाळ्या वाजल्या, वडापाव झाले, आम्ही घरी आलो.

पुढच्या मे महिन्यात मी एकटाच त्या टेकडीवर गेलो. तासभर फिरून पानं असलेली नऊ रोपं सापडली. बाकी वाळलेल्या काड्या, शेळ्यांच्या लेंड्या आणि वणव्यानं काळं पडलेलं गवत. तिथंच उभं राहून अ‍ॅप उघडलं. आकडा अजूनही ६१२ होता.

तो आकडा मी लिहिलेल्या कोडमधून येत होता. त्यात लावलेल्या झाडाची नोंद होती. मेलेल्या झाडाची नोंद करायची सोयच नव्हती. याला बगही म्हणता येणार नाही, कारण तशी सोय कुणी मागितली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती.

सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आम्ही जुने लॉग वाचायला बसतो. मीही तेच केलं, फक्त जरा मागे गेलो. आपल्या मुलखात झाडं कोणी राखली, कशी राखली आणि ती राखणं आपण कधी सोडलं, हे शोधत वाचत गेलो. जे हाती लागलं ते हे असं.

काडीही उचलायची नाही

सह्याद्रीत फिरलेल्यांनी देवराई पाहिली असेल. आजूबाजूचा डोंगर बोडका आणि मध्येच एक गर्द तुकडा. आत हिरडा, बेहडा, जांभूळ, झाडांवर चढलेल्या गारंबीच्या जाडजूड वेली, आणि एखाद्या झाडाखाली शेंदूर फासलेला देव. काळकाई, वाघजाई, म्हसोबा, भैरोबा. नियम साधा: इथलं झाड तोडायचं नाही, पुष्कळ ठिकाणी तर खाली पडलेली काडीही उचलायची नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि या तुकड्यांचं महत्त्व जगापुढे आणलं.

देवराई लावण्याचा समारंभ कुठं वाचायला मिळत नाही. ती बहुतेक ठिकाणी लावलेली नाहीच, सोडून दिलेली आहे. गावानं एकच काम केलं, हात आवरला. आणि ते एक दिवस नाही, पिढ्यानपिढ्या केलं. देवाचा धाक होता हे खरं, पण धाक टिकायलाही गाव लागतं. कोणी कुऱ्हाड घेऊन आत शिरलं तर ते दिसायला हवं, त्याला विचारायला हवं.

मूल वाढवावं तसं

झाडांबद्दलचं ‘शिवाजी महाराजांचं पत्र’ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आलं असेल. तो मजकूर मुळात आज्ञापत्रातला आहे. शिवकाळापासून राज्यकारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. शिवकाळातली धोरणं त्यात उतरली आहेत असं मानतात.

झाडांचा विषय येतो तो आरमाराच्या प्रकरणात. गलबतं बांधायला लाकूड लागणारच. मग अमात्य सांगतात की साग वगैरे परवानगी घेऊन रानातून तोडावा, जास्त लागलं तर दुसऱ्या मुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही उपयोगाचं असतं, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याचं समाधान करून मगच तोडावं. जबरदस्ती करू नये.

मी हा उतारा दोनदा वाचला. झाडाची किंमत इथं लाकडावर ठरत नाही, ते वाढवायला लागलेल्या वर्षांवर आणि ती वर्षं घालवणाऱ्या माणसावर ठरते. तीनशे वर्षांपूर्वी एका मुत्सद्द्यानं आरमाराचा हिशोब मांडताना ‘जगवणं’ हा रकाना ठेवला होता. माझ्या अ‍ॅपमध्ये तो नव्हता.

रान सरकारजमा

मग इंग्रज आले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते, जहाजांना साग हवा होता. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ च्या कायद्यानं रानाचे तीन प्रकार पाडले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिले दोन वाढत गेले. गावाच्या हाती राहील असं ग्रामवन बहुतेक कागदावरच राहिलं.

याचा शेतकऱ्यावर काय परिणाम झाला हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून ठेवलंय. पूर्वी अल्पभूधारक शेतकरी जवळच्या डोंगरात गुरं चारायचा, रानातली फळं खायचा, पानं-फुलं-लाकूड विकून चार पैसे जोडायचा. जंगल खात्यानं डोंगर, दऱ्या, गायरानं सगळी आपल्या हद्दीत घेतली आणि त्याच्या शेळ्या-मेंढ्यांना रानाचा वाराही मिळेनासा झाला, अशी त्यांची तक्रार आहे. पण फुले तक्रारीवर थांबत नाहीत. डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, म्हणजे पावसाचं पाणी शेतातून मुरत जाईल आणि पालापाचोळ्यानं कसदार झालेली माती वाहून जाणार नाही, हेही सांगतात. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचा गाभा या सूचनेत आहे.

हा राग पुढे रस्त्यावर आला. १९३० च्या सविनय कायदेभंगात आपल्याकडे मिठाइतकंच रानही गाजलं. पुसदला बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, सांगलीकडचं बिळाशी पेटलं. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी आक्कादेवीच्या रानात सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. गवत आणि सरपण कापायच्या हक्कासाठी माणसं मेली, ही गोष्ट मला शाळेत एका ओळीत शिकवली होती. उरणला पिकनिकला गेलो तेव्हा ती आठवलीही नाही.

माझ्या मते खरी तूट इथं पडली. रान परक्याचं झालं की ते राखायची जबाबदारीही परक्याची होते. जिथं आपल्याला चोर ठरवलंय, तिथं आपण राखणदार कसे होणार?

आकड्यांचा पावसाळा

स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं झालं, पण रानाचा कारभार फारसा बदलला नाही. १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगला होता: झाड लावणं हा लोकांचा उत्सव व्हावा. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आला की शाळेत रोप, पाहुणे, फोटो ठरलेलं. उत्सवाला तारीख असते. पाणी घालण्याला तारीख नसते, त्यामुळे त्याचा महोत्सव होत नाही.

१९८० च्या दशकात सामाजिक वनीकरण आलं. भराभर वाढणारी निलगिरी आणि सुबाभूळ ठिकठिकाणी लागली. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प इतकं पसरलं की आज पुष्कळांना तेच मूळचं रान वाटतं. ते हिरवं दिसतं, उन्हाळ्याच्या तोंडी गुलाबी फुलतंही, पण त्याखाली इथलं गवत आणि इथली झाडं फारशी फिरकत नाहीत.

मग आले मोठे आकडे. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. पुढे यातली जगली किती यावर विधिमंडळात वाद झाला. या योजनेत मनापासून राबलेले लोक असणार, त्यांना हसायचा मला अधिकार नाही. मी स्वतः ६१२ वर टाळ्या वाजवल्यात. पण आकड्याचा स्वभाव मला माहीत आहे. जे मोजाल ते वाढतं, जे मोजत नाही ते मरतं.

आणखी एक चूक आपण बरीच वर्षं करत आलो. पुणे, नगर, सोलापूरचा कोरडा पट्टा हा मुळात माळरानाचा. तिथलं गवत म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक यांचं ते घर आहे. माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य करावं लागलं. अशा माळावर ओळीनं झाडं लावली की आपण रिकामी जागा भरत नसतो, कुणाचं तरी घर मोडत असतो. झाड कुठं लावायचं नाही, हेही ठरवावं लागतं.

पाच बंधनं

मग जमलं कुठं? नगर शहरापासून तासाभराच्या आत हिवरे बाजार आहे. पाऊस जेमतेम. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं, माणसं कामासाठी बाहेर पडली, डोंगर बोडके झाले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आलं. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीचं उदाहरण होतंच. तिथं अण्णा हजारे १९७५ पासून पाणलोटाच्या आणि श्रमदानाच्या कामात होते.

हिवरे बाजारनं स्वतःला पाच बंधनं घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पुढे बोअरवेलबंदी आणि लोटाबंदी आली. ही यादी नीट वाचा. ‘झाडं लावा’ असं एक कलम त्यात नाही.

यामागचं तंत्र सोपं आहे. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले की पाणी धावायच्या ऐवजी थांबतं आणि मुरतं. गुरं-शेळ्या मोकळ्या सोडल्या नाहीत की आधी गवत येतं. गवत माती धरतं, मातीत ओल राहते आणि त्या ओलीवर रोपं तगतात. जनावरांसाठी गवत कापून डोक्यावर आणायचं. कष्ट जास्त, पण चाराही जास्त. विहिरींना पाणी आलं तेव्हा ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत असं ठरलं आणि दरवर्षी पावसाचं पाणी मोजून ग्रामसभेत त्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला.

दुसरं टोक गडचिरोलीचं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांचीच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती आला. १८७८ पासून सुटलेला धागा इथं पुन्हा जुळला: रान ज्याचं, राखणं त्याचं.

पुन्हा टेकडीवर

हे सगळं वाचून मी अ‍ॅपमध्ये एक रकाना वाढवला: ‘जिवंत आहे का?’ दर तीन महिन्यांनी विचारणारा, फोटो मागणारा. मग ऑफिसच्या बैठकीत दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले, ६१२ आणि ९. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं की दुसरा आकडा अहवालात टाकायलाच हवा का. मला घाम फुटला होता, पण म्हटलं, टाकू या.

पुढच्या जूनमध्ये मी आधी टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या काकांना भेटलो. त्यांना आमचा कार्यक्रम आठवत होता. म्हणाले, “पोरांनो, तुम्ही माझ्या वाटेवरच रोपं लावली. विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, कुठं लावा ते.”

त्या वर्षी आम्ही साठच झाडं लावली. जागा काकांनी दाखवली, त्यांची वाट सोडून. वड, उंबर, आपटा, करंज, बहावा. आळी केली, पालापाचोळा घातला, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढली, टँकरचे पैसे वाटून घेतले आणि शनिवारच्या पाळ्या लावल्या. पाळ्या चुकल्याही, माझ्यासुद्धा दोन चुकल्या. राखणीचे महिन्याचे पैसे काकांना मिळतात.

या मे महिन्याच्या शेवटी साठांपैकी त्रेचाळीस हिरवी होती. सतरा मेली. त्या सतरांचीही नोंद आता अ‍ॅपमध्ये आहे, कोणतं झाड, कधी मेलं, कशानं. आठ पाण्यावाचून, पाच वणव्यात, चार कशानं ते कळलं नाही. आणि जुन्या कार्यक्रमातल्या त्या नऊ रोपांपैकी एक करंज माझ्या खांद्याला लागलंय. येत्या शनिवारी माझी पाळी आहे.