घोट्याचे हाड आणि थांबण्याची विद्या

नडगीच्या हाडाचे खालचे टोक सांध्यातच चेंदले जाते, तेव्हा त्या अस्थिभंगाला ‘पायलॉन’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यावर मुख्यतः हाड ओढून बसवणे आणि प्लास्टर घालणे हाच उपाय होता; सांधा वाकडा आणि ताठर राहणे हे ठरलेलेच. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये एओ हा शल्यचिकित्सकांचा गट स्थापन झाला आणि हाडे प्लेट-स्क्रूने घट्ट जोडून सांधा लवकर हलवण्याचे तत्त्व रुजले. त्याच परंपरेतील र्‍यूडी आणि अल्गोवर यांनी 1969 मध्ये 84 पायलॉन अस्थिभंगांचा अहवाल दिला. बाहेरच्या बारीक हाडाची लांबी आधी पूर्ववत करायची, सांध्याचा पृष्ठभाग जुळवायचा, पोकळीत हाडाचे कलम भरायचे आणि आतल्या बाजूने प्लेटचा आधार द्यायचा, अशी त्यांची रीत होती. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना चांगला गुण आला. मात्र पुढे हीच रीत जगभर वापरली गेली, तेव्हा यशाबरोबर अपयशही मोठे आले. या इतिहासाचा खरा धडा धातूचा नाही, कातडीचा आहे, असे माझे मत आहे.

र्‍यूडी-अल्गोवर यांचे बरेच रुग्ण बर्फावर स्कीइंग करताना पडलेले होते. पीळ बसून हाड मोडले होते, पण भोवतालचे मांस-कातडे बऱ्यापैकी शाबूत होते. वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणे यांत हाडाचा चुरा होतोच, शिवाय सूज येते आणि कातडीवर फोड उठतात. नडगीच्या खालच्या भागावर स्नायूंचे आच्छादन जवळजवळ नाहीच. अशा कातडीवर लगेच लांब छेद घेतला, तर जखम उघडी पडते आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निम्म्याहून अधिक अस्थिभंगांत स्थानिक गुंतागुंत नोंदली गेली. मग 1999 मध्ये दोन टप्प्यांच्या उपचारांचे अहवाल आले: पहिल्या दिवशी बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय स्थिर करायचा, सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्या की साधारण दोन आठवड्यांनी सांधा जुळवायचा. खोल जंतुसंसर्गाचे प्रमाण खूपच घटले.

कुणी म्हणेल, श्रेय सीटी स्कॅनचे आणि पातळ, सुबक प्लेट्सचे आहे. त्यांचा वाटा आहेच. पण चांगली प्लेटही सुजलेल्या कातडीखाली तेच संकट ओढवते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2010 सालच्या एका अभ्यासात 95 अस्थिभंगांपैकी बहुतेकांवर 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया होऊनही गुंतागुंत कमी राहिली. तरीही हे काम अनुभवी हातांचे होते. शिवाय कातडीला छेद कधी झेपेल हे ओळखणे हाच तिथेही निकष होता. दोन आठवडे हा काही मंत्र नव्हे.

या संयमाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. कूर्चा अपघाताच्या क्षणीच चिरडली जाते, आणि हाडे तंतोतंत जुळवली तरी ती मूळ रूपात परत येत नाही. म्हणून एक्स-रेमध्ये हाडे नीट जुळलेली दिसली तरी काही रुग्णांना संधिवात जडतो, तर काहींच्या पायात दोनेक वर्षे हळूहळू सुधारणा होत राहते. थांबण्याने पाय वाचतो, जंतुसंसर्ग टळतो. सांधा पूर्ववत होईल, असे वचन मात्र ते देत नाही. रुग्णाला हा फरक शस्त्रक्रियेपूर्वीच सांगणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा.