ऐकण्यातून घडलेला ग्रंथ

मराठीतील पहिला ज्ञात गद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा आधी ऐकला गेला आणि मग लिहिला गेला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. गोदावरीकाठच्या गावांतून फिरताना ते मराठीत निरूपण करीत, दृष्टान्त देत. भोवतीची मंडळी ते मनात साठवीत. हे ऐकणे मुकाट नव्हते. महदाइसेसारखी शिष्या शंका फिटेपर्यंत विचारत राही, आणि तिच्या प्रश्नांमुळे कितीतरी गोष्टी उलगडून सांगितल्या गेल्या.

पंथाच्या परंपरेनुसार चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्यमंडळी विदर्भातील रिद्धपूर येथे त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात राहिली. तेथे नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, स्वामींच्या लीळांचे, म्हणजे त्यांच्या आयुष्यातील प्रसंगांचे, स्मरण करीत. ते ऐकून पंथातील म्हाइंभटांना या आठवणी लिहून ठेवण्याची ओढ लागली. भटोबासांनी आपल्याला ठाऊक असलेल्या लीळा सांगितल्या. बाकीच्या लीळांसाठी म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठले. इ.स. 1278 च्या सुमारास हे काम झाले, असे सामान्यतः मानले जाते.

म्हाइंभट हे शास्त्रे जाणणारे पंडित. तरी लिहिताना त्यांनी आपली विद्वत्ता मध्ये येऊ दिली नाही. प्रसंग कोठे घडला, कोण हजर होते, कोणी काय विचारले आणि स्वामी काय म्हणाले, एवढेच ते नोंदवतात. वाक्ये आखूड, शब्द घरातले आणि शेतातले. त्यामुळे तेराव्या शतकातील माणसांचे खाणे-पिणे, भांडणे, भीती आणि माया त्यांच्याच बोलीत टिकून राहिली.

यादव राज्यावरील खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांनी ग्रंथ ऐकून मुखोद्गत केला होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला. यातूनच पंथातील हिराइसेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठासारखे वेगवेगळे पाठ निर्माण झाले. एकाच लीळेविषयी दोघांची आठवण वेगळी असेल, तर ती कोणाची हे सांगून दोन्ही नोंदवण्याची रीत पोथ्यांत दिसते. एकाचे खरे ठरवण्यासाठी दुसऱ्याचे बोलणे पुसून टाकले गेले नाही.

पुढे विसाव्या शतकात संशोधकांनी या पोथ्या ताडून ग्रंथ छापला; वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती 1978 मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी गद्याच्या आरंभी उभा असलेला हा ग्रंथ अनेकांच्या तोंडचा आहे, आणि तो टिकला तो मन लावून ऐकणाऱ्यांमुळे.