घासासाठी बनलेलं, श्वासात गेलेलं

पोस्ट मोठी आहे. पण घरात कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर वेळ काढून वाचा.

व्हेपचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "त्यात निकोटिन नाहीये, नुसता फ्लेवर आहे." बोलणारा थापा मारत असतो असं नाही. त्याला खरंच वाटतं की स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, कस्टर्ड ही तर खायच्या पदार्थांची नावं. आइस्क्रीममध्ये चालतं ते इथे का नाही चालणार?

या गैरसमजाचं मूळ १९५८ सालच्या अमेरिकेत आहे. त्या वर्षी तिथे अन्नात घालायच्या रसायनांसाठी कायदा झाला. प्रत्येक नवं रसायन सरकारकडून तपासून घ्यायचं, पण जे तज्ज्ञांच्या मते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे त्याला सूट. या सुटीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की शब्द होतो 'ग्रास'. गंमत बघा, आपल्याकडे ग्रास म्हणजे घास. आणि ती सूट खरोखर घासापुरतीच होती! फ्लेवर बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९६० मध्ये स्वतःच तज्ज्ञ नेमले आणि १९६५ पासून याद्या छापायला सुरुवात केली. आपल्याच मालाला आपणच सर्टिफिकेट, हे मला तेव्हाही खटकलं असतं. पण त्या याद्यांत नाकाने ओढण्याचा विचारच नव्हता, कारण फ्लेवर कोणी ओढेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पहिला दणका बसला २००० साली. मिझुरी राज्यातल्या जास्पर गावात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. तिथे काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एकसारखाच आजार झाल्याचं एका डॉक्टरने आरोग्य खात्याला कळवलं. आठपैकी चौघांची नावं फुप्फुस बदलायच्या यादीत होती. तपास झाला तेव्हा बोट गेली ती लोण्याच्या वासाच्या फ्लेवरकडे, त्यातल्या डायअसिटिलकडे. खाल्लं तर काही नाही. पण तापलेल्या तेलाच्या टाकीत ते ओतलं की वाफ वर यायची, आणि ती वाफ श्वासनलिकांच्या बारीक फांद्या कायमच्या अरुंद करायची. सर्वात जास्त धोका कुणाला होता? जो माणूस टाकीवर उभा राहून तेल आणि फ्लेवर एकत्र करायचा त्याला. कारखान्यात त्याला 'मिक्सर' म्हणत.

हा शब्द लक्षात ठेवा.

२००३ मध्ये चीनमधल्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टने आजच्या ई-सिगारेटचं यंत्र बनवलं. दोन-चार वर्षांत ते युरोप-अमेरिकेत पोचलं, आणि लोक घरच्या घरी लिक्विड बनवू लागले. प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, हवं तर निकोटिन, आणि वर फ्लेवरचे अर्क. हे घरगुती कारागीर स्वतःला काय म्हणवून घेऊ लागले? मिक्सर.

त्यांची कारागिरी खरंच बारकाईची आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीचा एकच स्ट्रॉबेरी अर्क घातला की चव सपाट लागते. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या स्ट्रॉबेरी एकत्र करायच्या, एक पिकलेली, एक आंबटसर, एक जॅमसारखी. त्यांना एकत्र धरायला खाली क्रीम किंवा कस्टर्ड. काही अर्क हिंगासारखे, एक टक्क्याच्या आतच सगळं ताट व्यापून टाकतात. काही दहा टक्के घातले तरी गप्प. आणि प्रत्येक कंपनीच्या अर्काचा जोर वेगळा, म्हणून आधी एकेक अर्क सुटा चाखायचा, वजनकाट्यावर मोजायचं, वहीत लिहायचं. जास्त घातलं म्हणून चव वाढतेच असंही नाही, उलट सगळं एकमेकांत बुडून जातं. तोच वास सारखा घेऊन नाक थकतं, मग वाटतं चव उतरली, आणि माणूस अजून ओततो. शेवटी बाटली अंधारात ठेवून लोणच्यासारखी मुरू द्यायची.

या सगळ्या तोलामोलात परीक्षक एकच, जीभ आणि नाक. फुप्फुसाला कुणी विचारलंच नाही.

आता कस्टर्डचंच घ्या. मिश्रण गोलाईदार करणारे लोणी-मलईचे जे अर्क, त्यांतच डायअसिटिल आणि त्याचे भाऊबंद. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले. ३९ मध्ये डायअसिटिल सापडलं. ते किंवा त्याची दोन भावंडं धरली तर ५१ पैकी ४७ मध्ये काही ना काही होतं. अर्क विकणाऱ्या काही कंपन्यांनी तोवर डायअसिटिल काढून सुधारित आवृत्त्या आणल्या होत्या. पण अनेक ठिकाणी त्याच्या जागी ॲसिटॉइन आलं, आणि ॲसिटॉइनपासून पुन्हा डायअसिटिल तयार होऊ शकतं. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने हजर.

इथे न्यायाने एक सांगायला हवं. सिगारेटच्या धुरातही डायअसिटिल असतं, आणि व्हेपपेक्षा जास्त असतं. व्हेप ओढणाऱ्या सगळ्यांना जास्परचा आजार होतो असा प्रचार करणारे व्हॉट्सॲपवीर विषयाचं नुकसानच करतात.

मुरवण्याचीही एक गोष्ट आहे. व्हॅनिला, चेरी, दालचिनी यांच्या वासाचे मुख्य घटक अल्डिहाइड जातीचे. २०१८ मध्ये येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की हे घटक बाटलीतल्या प्रोपिलिन ग्लायकॉलशी संयोग पावतात आणि नवीच संयुगं बनतात. यंत्र सुरू करायचीही गरज नाही, बाटली कपाटात असतानाच. ही संयुगं श्वासमार्गातल्या जळजळ जाणवणाऱ्या संवेदकांना चेतवतात. म्हणजे लेबलवर लिहिलेलं एक, ओढताना आत जातंय भलतंच.

मुलांत लोकप्रिय असलेल्या 'आइस' फ्लेवरमधला गारवा पुष्कळदा डब्ल्यूएस-२३ नावाच्या रसायनाचा असतो. यातलं डब्ल्यूएस म्हणजे विल्किन्सन स्वोर्ड, दाढीची ब्लेड बनवणारी ब्रिटिश कंपनी. १९७० च्या दशकात त्यांच्या संशोधकांनी पुदिन्याच्या वासाशिवाय गारवा देणारी रसायनं शोधली, त्यातलं हे एक. गालासाठी ठीक होतं!

कायद्यांनी काय केलं? युरोपियन युनियनमध्ये मे २०१६ पासून निकोटिनवाली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, आणि निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, असे नियम आले. ब्रिटनमध्ये डायअसिटिलवर बंदी आहे. परिणाम असा की निकोटिन नसलेल्या मोठ्या बाटल्या वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडेच आलं. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. त्यात मुख्य दोषी ठरलं ते गांजाच्या कार्ट्रिजमध्ये घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. पुन्हा तेच, गोळीतून गिळायला आणि त्वचेला लावायला चालणारं.

ती साथ सुरू असतानाच, १८ सप्टेंबर २०१९ ला, आपल्याकडे वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळं बंद. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीची अंमलबजावणी किती होते ते कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या आसपास फिरून तुम्हीच बघा. पण त्या कायद्यातली व्याख्या मात्र नेमकी आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं यंत्र म्हणजे ई-सिगारेट, त्यात निकोटिन आणि फ्लेवर असो वा नसो. "नुसता फ्लेवर आहे" ही सबब २०१९ पासून कायद्यातही बसत नाही.