दिव्यांचा उजेड आणि नाशकाची दक्षिण दिशा

मुंबईंत विजेची ट्रामगाडी १९०७ सालच्या मे महिन्यांत धांवूं लागली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु ती गाडी धांवण्यापूर्वींच तिनें एका वेधशाळेला गांव सोडावयास लाविलें होतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत नसतें. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें चाललीं होतीं. ट्रामचा विद्युत्प्रवाह तेथील नाजूक सुयांना स्वस्थ राहूं देणार नाहीं, हें ओळखून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखालीं खाडीपलीकडे अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यांत आली. तिच्या भिंतींत लोखंडाचा अंश नको म्हणून पोरबंदरचा दगड आणविला. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं मापनें घेतलीं, त्यांचा मेळ घातला, आणि मग कुलाब्याचें हें काम थांबविलें. ट्राम हलली नाहीं. वेध घेणारा हलला. पुढें १९६४ सालीं ट्रामच बंद पडली आणि अलिबागचें काम मात्र चालूं राहिलें, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

सुयांच्या बाबतींत जें विजेच्या प्रवाहानें केलें, तेंच ताऱ्यांच्या बाबतींत विजेच्या उजेडानें केलें. ग्रीनिचची राजकीय वेधशाळा लंडनचा धूर आणि लंडनचे दिवे यांना कंटाळून दुसऱ्या महायुद्धानंतर ससेक्स परगण्यांत हर्स्टमन्सो येथें नेण्यांत आली. अमेरिकेंत माउंट विल्सनवरची शंभर इंची दुर्बीण १९१७ सालीं कामास लागली, तेव्हां पायथ्याचें लॉस एंजेलिस हें आजच्या मानानें लहान शहर होतें. तें वाढलें, आणि रात्रीचें आभाळ पांढुरकें होत गेलें. या दुर्बिणीची एक हकीकत विसरण्याजोगी नाहीं. महायुद्धाच्या काळांत शत्रूच्या भयानें त्या किनाऱ्यावरचे दिवे मंद करण्यांत आले. वॉल्टर बाडे हा ज्योतिषी जन्मानें जर्मन. त्यामुळें युद्धाच्या कामांतून तो वगळला गेला होता, आणि दुर्बीण बहुतेक त्याच्याच हातीं राहिली. १९४३ सालीं त्या अंधाऱ्या रात्रीं त्यानें देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यांतील तारे प्रथमच सुटे सुटे करून दाखविले, आणि ताऱ्यांचे जुने व नवे असे दोन वर्ग असतात, हें सिद्धान्तरूपानें १९४४ सालीं मांडलें. ज्या गाभ्यानें तोंवर कोणालाहि दाद दिली नव्हती, तो उकलण्यास दीर्घ प्रकाशनें, उत्तम हवा आणि बाडेचें कौशल्य हीं तर लागलींच. पण शहराचे मंदावलेले दिवेहि लागले.

त्याच १९४४ सालच्या ऑगस्टांत पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती भारतांतील सर्वांत जुनी संस्था होय. परंतु महाराष्ट्रांत या हौसेचें बीज त्याहून जुनें आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत कांहीं वर्षें शिक्षक होते. त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ‘ज्योतिर्विलास’ लिहिला आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. जेवणें आटोपल्यावर अंगणांत यावें, मान वर करावी, आणि झोंपण्यापूर्वीं घटकाभर आकाश वाचावें, एवढीच त्या नांवांतली अपेक्षा. आकाशासाठीं बैलगाडी जुंपून दहा कोस जावें लागेल, ही कल्पना त्या नांवाला शिवलेली नाहीं. हॅलेच्या धूमकेतूच्या १९८६ सालच्या आगमनाच्या सुमारास मुंबईंत खगोल मंडळ निघालें, तेव्हां मात्र सभासदांना कर्जतच्या लोहमार्गावर वांगणीपर्यंत जाऊन रात्र काढणें भाग पडूं लागलें होतें. पुढें बदलापूरची वस्ती वांगणीच्या दिशेनें सरकत आली. दोन घटकांच्या मौजेला आतां अख्खी रात्र आणि आगगाडीचें तिकीट लागूं लागलें.

नाशकाची गोष्ट याहून निराळी नाहीं. फक्त ती उशिरा घडली. १९०१ च्या खानेसुमारींत नाशिक शहराची वस्ती सुमारें २१ हजार होती. २०११ सालीं ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. १९६० नंतर सातपूरची औद्योगिक वसाहत आली, पाठोपाठ अंबडची आली, ओझरचा विमानांचा कारखाना आला, एकलहऱ्याचें वीजकेंद्र आलें. आणि तरीहि आकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीनें या जिल्ह्यासारखा जिल्हा महाराष्ट्रांत थोडाच सांपडेल. पश्चिमेस सह्याद्रीचें माथें, उत्तरेस सातमाळा आणि साल्हेरचा मुलूख. पेठ-सुरगाण्याकडे वस्ती विरळ. आणि पावसाळा संपल्यावर आश्विनापासून वैशाखापर्यंत कोरडी, निवळ हवा.

नाशिकचा अक्षांश २० अंशांचा. त्यामुळें येथून दक्षिणेचें जें आकाश दिसतें, तें काशीला दिसत नाहीं, दिल्लीला तर नाहींच. अगस्तीचा तारा येथें क्षितिजापासून सुमारें १७ अंश वर चढतो. प्रवरेकांठीं अकोल्यास ज्या ऋषीचा आश्रम दाखवितात, त्याचाच हा तारा. त्रिशंकूचे चार तारे वसंतांत सुमारें १० अंशांवर उभे राहतात. नरतुरंगांतला ओमेगा नांवाचा तारकागुच्छ, ज्यांत लक्षावधि तारे आहेत, तो साडेबावीस अंशांवर येतो आणि काळोख असल्यास नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. युरोपांतल्या बहुतेक निरीक्षकांना हीं रत्नें जन्मांत घरून दिसावयाचीं नाहींत.

अडचण नेमकी येथेंच आहे. शहराचा उजेड आकाशावर सारखा पसरत नाहीं. तो शहराच्या दिशेला क्षितिजालगत घुमटासारखा बसतो. म्हणून नुसतें शहरापासून दूर जाऊन भागत नाहीं. कोणत्या दिशेस दूर जावयाचें, हें पाहावें लागतें. दिंडोरी नाशकाच्या उत्तरेस आहे. तेथें बसणाऱ्याच्या समोर, नेमकें दक्षिणेला, शहराचा घुमट येतो आणि ओमेगाचा ठिपका त्यांत बुडतो. अगस्ती तेवढा राहतो, कारण तो फार तेजस्वी. त्र्यंबकेश्वरीं शहर पूर्वेस पडतें. तेथें दक्षिण बरी राहते, पण उगवतीचे तारे धुक्यांतून यावे तसे मळकट येतात. इगतपुरीहून शहर ईशान्येस, तर नैर्ऋत्येकडे मुंबईचा मोठा उजेड. त्यांतल्या त्यांत भंडारदऱ्याच्या बाजूस दक्षिण क्षितिज मोकळें. पण तेथें डोंगरच आडवे. होकायंत्र घेऊन जागा शोधण्याची पाळी हौशी मंडळींवर आली आहे ती अशी.

अंतराचा हिशेबहि एका अमेरिकन ज्योतिष्यानें करून ठेवला आहे. मर्ल वॉकर यानें १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील शहरांची मापनें घेऊन दाखविलें कीं, अंतर दुप्पट केलें तर आकाशांतली झळाळी साधारण साडेपांच पटींनीं उतरते. नियम दिलासा देणारा आहे. पण त्यांत शहर वाढावयाचें थांबलें आहे, असें गृहीत धरावें लागतें.

दिव्यांची जातहि बदलली. सोडियमचा पिवळा दिवा डोळ्यांना रुचत नसे, पण ज्योतिष्यांना तो त्यांतल्या त्यांत सोसवत असे, कारण त्याचा रंग वर्णपटाच्या अरुंद पट्ट्यांत मावतो. त्याच्या जागीं आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा अंश पुष्कळ. आणि हवा निळा उजेडच सर्वांत अधिक विखुरते, ज्यामुळें दिवसां आकाश निळें दिसतें. शिवाय हे दिवे स्वस्त व कमी वीज खाणारे. म्हणून एकाच्या जागीं तीन लागले. वाचलेली वीज पुन्हां दिव्यांतच गेली.

येथें दुसरी बाजू न सांगतां पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या खेड्यांत शहरांतला निरीक्षक काळोख शोधत येतो, तेथला माणूस पिढ्यान् पिढ्या त्याच काळोखाला वैतागलेला असतो. सर्व खेड्यांत वीज पोंचल्याची घोषणा केंद्र सरकारनें केली ती २०१८ च्या एप्रिलांत. निफाड-सिन्नरच्या उसांत बिबट्या वावरतो. शेतीला वीज पुष्कळदां रात्रींच मिळते, आणि पाणी भरावयास शेतकऱ्याला त्याच उसांत शिरावें लागतें. त्याच्या खळ्यावर बसविलेला दिवा म्हणजे चैन नव्हे. पाहुण्यानें येऊन ‘तो विझवा, आम्हांला मृग नक्षत्रांतला तेजोमेघ पाहावयाचा आहे’ असें म्हणणें हें उद्धटपणाचेंच. परंतु बारकाईनें पाहिलें तर या दोघांत खरें भांडण नाहीं. शेतकऱ्याला उजेड बांधावर हवा असतो, ढगांत नको असतो. आकाशाचा नाश करतो तो वर आणि आडवा फांकणारा उजेड: टोपी नसलेले दिवे, रात्रभर जळणाऱ्या जाहिराती, मंगल कार्यालयांचे झोत. ॲरिझोनांतल्या फ्लॅगस्टाफ गांवानें १९५८ सालीं पहिला निर्बंध घातला तो घरच्या दिव्यांवर नव्हे, तर जाहिरातीच्या शोधझोतांवर.

पुणें-नाशिक रस्त्यानें जातांना नारायणगांवाजवळ खोडद लागतें. तेथें व भोंवतालच्या मुलुखांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण पसरलेली आहे. तिला उजेडाची बाधा नाहीं, विद्युच्चुंबकीय गोंगाटाची आहे. पुणें-नाशिक नियोजित लोहमार्ग या मुलुखांतून गेल्यास दुर्बिणीस बाधा होईल, असें २०२४-२५ च्या सुमारास रेल्वे खात्यानें सांगितलें आणि मार्ग दुसरीकडून नेण्याचा विचार पुढें आला. कुलाब्यास ट्रामपुढें वेधशाळा हलली होती. येथें वेधशाळेपुढें आगगाडी वळूं लागली. विज्ञानाची बूज राखली गेली, हें खरें. पण जुन्नर-संगमनेरच्या लोकांनीं, ज्यांना आगगाडीची वर्षानुवर्षें आस होती, तिचा निषेध केला, हेंहि तितकेंच खरें. ताऱ्यांची किंमत कोणी चुकवावयाची, हा प्रश्न तेथें पुस्तकांतला राहिलेला नाहीं.

याला उत्तर म्हणून नागपूरकडचें एक उदाहरण देतां येतें. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारींत आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. भारतांत ती पहिलीच. त्यासाठीं सिल्लारी, वाघोडा वगैरे गांवांतले शंभरांहून अधिक दिवे बदलून खालीं उजेड टाकणारे बसविण्यांत आले. गांवें अंधारांत गेलीं नाहींत, आणि आकाशहि राहिलें. नाशकाकडे असा प्रयत्न व्हावयाचा तर त्यास आतां घाई हवी. इगतपुरी-सिन्नरवरून जाणारा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनांत पूर्ण खुला झाला. ज्येष्ठाच्या तोंडाशीं भंडारदऱ्यास काजवे पाहावयास मोटारींची रीघ लागते. त्यांच्या दिव्यांनीं काजव्यांचे संकेत लोपतात आणि निरीक्षकाचे डोळेहि दिपतात. अंधाराला सरावलेले डोळे एका झोतानें बिघडले कीं, पुन्हां सरावण्यास अर्धा तास जातो.

हें नुकसान मोजलें तें हौशी माणसांनींच. मृगासारख्या नक्षत्रांतले किती तारे दिसतात, याच्या जगभरांतून आलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी एकत्र करून २०२३ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळांत आकाशाची झळाळी दरवर्षीं सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वाढली, असा त्याचा निष्कर्ष. कृत्रिम उपग्रहांच्या मापनांवरून ही वाढ बरीच कमी वाटली होती, कारण निळा उजेड त्यांच्या यंत्रांना नीट दिसत नाहीं. माणसाच्या डोळ्याला दिसला. या नोंदीस दुर्बीण लागत नाहीं. माघांत अमावास्येच्या आसपास, रात्रीं आठच्या सुमारास मृग दक्षिणेस उंच आलेला असतो. अर्धा तास डोळे अंधाराला सरावूं द्यावयाचे, मग दिसणारे तारे नकाशाशीं ताडून संख्या, स्थळ आणि वेळ टिपून ठेवावयाची. पंचवटीच्या गच्चीवरून, दिंडोरीच्या शिवारांतून आणि सुरगाण्याच्या माळावरून अशा तीन नोंदी एकाच रात्रीं झाल्या, तर नाशकाचा घुमट किती लांब पोंचला, हें कागदावर दिसेल.